शेतातल्या घरट्यांची नोंद ठेवणारा शेतीखात्याचा पहिला सचिव

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण शाळेत पाठ केले ते एका मार्कासाठी. काँग्रेसची स्थापना कोणी केली, साल कोणते, संपला प्रश्न. पण हेच गृहस्थ हिंदुस्थान सरकारच्या पहिल्या शेतीखात्याचे पहिले सचिव होते. शेतात, माळावर, पडीक रानात जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांच्या घरट्यांची या देशातली पहिली मोठी नोंदवहीही त्यांनीच तयार केली. हे सांगितले की लोक विचारतात, तोच का हा ह्यूम? होय, तोच.

त्यांची आठवण होण्याचे कारण साधे आहे. गेल्या उन्हाळ्यात मातीचे नमुने घ्यायला एका गावी गेलो होतो. नांगरटीच्या रानात टिटवीने चार अंडी घातलेली. घरटे कसले, ढेकळांत खळगा आणि भोवती चार खडे. शेतकरी जुन्या वळणाचा, त्याने ट्रॅक्टरवाल्याला तेवढा तुकडा सोडायला लावला. पण त्याच्या पोराने हौसेने मोबाईल काढला, अंड्यांपासून हातभर अंतरावर बसून पाच-दहा फोटो घेतले, मित्रांना बोलावून दाखवले. टिटवी वर घिरट्या घालून ओरडत राहिली. संध्याकाळी पाहतो तर खळगा रिकामा. बांधावरच्या बाभळीवरचा कावळा दुपारपासून सगळे बघतच होता. नांगरातून वाचलेली अंडी फोटोपायी गेली. पोरगा हिरमुसला, आणि मलाही वाईट वाटले, कारण मी तिथेच उभा होतो आणि त्याला अडवले नव्हते.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा, घराणे स्कॉटलंडचे. वडील जोसेफ ह्यूम ब्रिटिश पार्लमेंटात सरकारी खर्चाचा हिशेब मागणारे म्हणून गाजलेले सभासद. कंपनी सरकारच्या हेलीबरी कॉलेजात शिकून, थोडे वैद्यकीचे शिक्षण घेऊन पोरगा १८४९ मध्ये विशीत हिंदुस्थानात आला आणि इटाव्याला रुजू झाला. आजच्या उत्तर प्रदेशातला हा जिल्हा. एका अंगाला यमुना-चंबळच्या घळी, दुसऱ्या अंगाला भातखाचरे आणि पाणथळी. पुढे ते तिथलेच जिल्हाधिकारी झाले आणि १८६७ पर्यंत राहिले. एका जिल्ह्यात इतकी वर्षे राहिलेला साहेब आज सापडणे अवघडच. तीन वर्षांत बदली झाली की गावाच्या वाटा कळेपर्यंतच माणूस निघून जातो.

इटाव्यात त्यांनी शाळा काढल्या. १८५७ पर्यंत १८१ शाळा आणि ५,१८६ विद्यार्थी अशी संख्या झाली होती, त्यात मुली मात्र दोनच. दारूच्या उत्पन्नावर सरकारने जगावे हे त्यांना पटत नव्हते आणि तसे त्यांनी वरिष्ठांना लिहून कळवले. १८५७ चा उठाव झाला तेव्हा त्यांना आग्र्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. पुढच्या वर्षी इटाव्यात परत आल्यावर स्थानिक लोकांची पलटण उभारून त्यांनी जिल्हा पुन्हा ताब्यात घेतला. ते इंग्रज सरकारचेच अधिकारी होते आणि तसेच वागले. परंतु आजूबाजूला गावेच्या गावे फासावर चढत असताना त्यांनी फाशीचा सपाटा लावला नाही, आणि मवाळपणाचा ठपका आपल्याच लोकांकडून घेतला. या धामधुमीत त्यांनी तोपर्यंत जमवलेला पक्ष्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

१८६७ मध्ये ते जकात खात्याचे आयुक्त झाले. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ आत आणू नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीपर्यंत इंग्रजांनी जकातीची रेषा आखली होती. तिच्या मोठ्या भागावर बाभूळ, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांचे कुंपण होते आणि त्यावर हजारो शिपायांचा पहारा. हे कुंपण नीट वाढवण्याचे काम ह्यूम यांच्याकडे आले. गरिबाच्या मिठावर काट्यांचा पहारा बसवणारे खाते सांभाळणे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. पुढे सांभर सरोवराच्या मिठाचे करार जयपूर-जोधपूर दरबारांशी झाले, त्यातही त्यांचा हात होता. अशा करारांमुळेच १८७९ मध्ये ती रेषा मोडता आली. मात्र या नोकरीने त्यांना एक गोष्ट दिली. घोड्यावरून, उंटावरून शेकडो मैल कोरड्या मुलखातून फिरणे झाले. माळढोक, पखुर्डी, धाविक, चंडोल ही सगळी याच मुलखातली पाखरे. साहेब जकातीची तपासणी करीत जाई आणि वाटेत घरटी शोधी.

आता ही घरटी कशी असतात ते आपल्याला सांगायला नको, पण तरुण पोरांना ठाऊक नसते म्हणून लिहितो. माळावरच्या आणि शेतातल्या बऱ्याच पाखरांना झाड लागत नाही. चंडोल गवताच्या बुंध्याशी किंवा ढेकळाच्या सावलीला वाटीएवढे घरटे करतो. डोंबारी चंडोल तर वाटीच्या काठावर बारीक खडे रचतो. लावरी बाजरीत, मुगात, गवतात बसते, पायाखाली येईपर्यंत उठत नाही आणि उठली की भर्रकन आवाज होतो. टिटवीची अंडी चार, टोके आत. माळढोक बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालतो. अंड्यांचा रंग मातीचा, ठिपके खड्यांचे. समोर असून दिसत नाहीत. पक्षीही चलाख. घरट्यावरून सरळ उडत नाही, आधी गुपचूप पाच-पन्नास पावले चालतो आणि मग उडतो. परततानाही लांब उतरून चालत येतो. त्यामुळे पक्षी उडाला त्या जागी शोधणारा हमखास फसतो. लांब बसून, तास-दोन तास न हलता, तो चालत कुठे जातो हे पाहणाऱ्यालाच घरटे सापडते. गुराख्यांना हे येते. त्या काळच्या साहेबांनाही ते गुराख्यांनी आणि शिकाऱ्यांनीच शिकवले, फक्त त्यांची नावे पुस्तकांत क्वचितच आली.

ह्यूम यांची खरी करामत अशी की त्यांनी हे काम एकट्याने केले नाही. देशभरातल्या अधिकाऱ्यांना, रेल्वेच्या लोकांना, डॉक्टरांना, पाद्र्यांना त्यांनी कामाला लावले. कोणत्या महिन्यात घरटे दिसले, जमीन कशी होती, पीक कोणते, अंडी किती, रंग काय, माप काय, एवढे लिहून पाठवा. तलाठी पीकपाहणी करतो तशीच ही पाहणी, फक्त पिकाच्या जागी घरटे. १८७२ पासून त्यांनी पक्ष्यांसाठी इंग्रजीत एक नियतकालिकच चालवले, नाव स्ट्रे फेदर्स, म्हणजे इतस्ततः पडलेली पिसे. त्यात आपला भागही आहे. अहमदनगरकडे (आजचे अहिल्यानगर) राहणाऱ्या फेअरबँक या अमेरिकन मिशनऱ्याने खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर भागातल्या पाखरांची यादी १८७६ मध्ये तिथे छापली. डेव्हिडसन आणि वेंडन या दोघांनी १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिले. त्यांतला डेव्हिडसन मुलकी अधिकारी, म्हणजे महसूल गोळा करता करता पाखरे पाहणारा.

या सगळ्या माहितीचे पुस्तक १८७३ पासून निघू लागले, हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची घरटी आणि अंडी या विषयावरचे. त्याच्या नावातच ह्यूम यांनी हा कच्चा मसुदा आहे असे छापले होते. चुका असतील त्या कळवा, राहिले असेल ते भरा, असा त्यामागचा हेतू. सरकारी माणसाने आपल्या कामाला कच्चा मसुदा म्हणून लोकांपुढे ठेवावे, हे मला फार आवडते. आपल्याकडे मसुदा कपाटात राहतो आणि पक्के झाले की मगच लोकांना कळते.

शेतीखात्याची गोष्ट याच काळातली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः शेतीत रस घेणारे. त्यांनी १८७१ मध्ये महसूल, शेती आणि व्यापार असे खाते काढले आणि ह्यूम यांना सचिव केले. मेयो यांच्या मनात निव्वळ शेतीचे खाते होते, पण वरून महसूल चिकटला आणि शेती मागे पडली. त्यातच १८७२ मध्ये अंदमानात मेयो यांचा खून झाला आणि खात्याचा वाली गेला. ह्यूम यांना प्रत्येक प्रांतात शेतीची यंत्रणा हवी होती. ती मिळाली नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्या दख्खनने भोगला आहे, त्याच्या खुणा जुन्या माणसांच्या बोलण्यात परवापरवापर्यंत होत्या. एवढा दुष्काळ उलटला आणि १८७९ मध्ये सरकारने काटकसरीच्या नावाखाली शेतीचे खातेच मोडले. ह्यूम वरिष्ठांच्या तोंडावर बोलत. लॉर्ड लिटन यांच्या सरकारला ते नकोसे झाले होते, म्हणून त्यांना सिमल्याहून उचलून अलाहाबादच्या महसूल मंडळावर टाकले. दुष्काळ आयोगाच्या शिफारशीनंतर १८८१ मध्ये खाते पुन्हा उभे राहिले. आज आपण ज्या कृषी विभागात काम करतो त्याची पाळेमुळे तिथवर जातात.

त्याच १८७९ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या शेतीसुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. ती आज वाचली तरी अंगावर येते. आपला शेतकरी अडाणी नाही, कोणते पीक कोणत्या दिवशी पेरावे, कोणती जमीन कशाला चालते, हे तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जाणतो, त्याच्या पिकात तण युरोपपेक्षा कमी असते, असे त्यांनी लिहिले. मग अडते कुठे? शेण चुलीत जाते, शेताला खत उरत नाही, म्हणून गावोगाव जळणाची झाडे लावा म्हणजे शेण शेतात जाईल. आणि दुसरे कर्ज. सावकाराचा दावा दिवाणी कोर्टात गेला की शेतकरी बुडतो. म्हणून कर्जाचे तंटे कोर्टातून काढा आणि भरवशाची माणसे गावात जाऊन, गावच्या जाणत्यांना बसवून, तिथेच निकाल लावतील असे करा. दख्खनमधले सावकारांविरुद्धचे दंगे १८७५ मध्येच होऊन गेले होते. महात्मा फुले यांनी शेतकऱ्याचा आसूड लिहिला तो १८८३ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. साहेब सिमल्याला बसून लिहीत होता आणि फुले शेतकऱ्यांत उभे राहून, हा फरक आहेच. तरी दुखणे दोघांनी एकच दाखवले.

पक्ष्यांकडे परत येऊ. सिमल्याच्या त्यांच्या घरात, रॉथनी कॅसलमध्ये, त्यांनी स्वतःच्या पैशाने संग्रहालय उभारले होते. त्यात पेंढा भरलेले पक्षी आणि अंडी होती. ही गोष्ट लपवून चालणार नाही, त्या काळी पक्ष्याची नोंद म्हणजे त्याला मारणे आणि घरट्याची नोंद म्हणजे अंडी उचलणे. कॅमेरा होता, पण जड पेटी, काचेच्या पट्ट्या आणि तिवई. बसलेल्या माणसाचा फोटो निघे, रानातल्या पाखराचा निघणे कठीण. ह्यूम यांनी आणि त्यांच्या माणसांनी हजारो पक्षी मारले. आज आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणे, उचलणे, घरटी विसकटणे हीसुद्धा शिकारच धरली जाते. ह्यूम यांचा संग्रह आज कोणी जमवला तर तो तुरुंगात जाईल, आणि तेच योग्य.

त्यांना सर्व हिंदुस्थानी पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहायचा होता. वर्षानुवर्षांची टिपणे त्यासाठी साठवलेली. १८८३-८४ च्या सुमारास ते हिवाळा बाहेर काढून सिमल्याला परतले आणि पाहतात तो कागदांचे गठ्ठे नाहीत. घरातल्या एका नोकराने ते बाजारात रद्दी म्हणून विकले होते. पुड्या बांधायला गेले. देशभरच्या माणसांनी पाठवलेली माहिती, स्वतःचे पंचवीस वर्षांचे काम, किराणावाल्याच्या दुकानातून हळद-मिरचीबरोबर घरोघर पोचले. शिवाय अतिवृष्टीत डोंगर खचून संग्रहालयाचेही नुकसान झाले. ह्यूम यांचे मन पक्ष्यांवरून उडाले ते उडालेच. नोकराला दोष देताना माझा हात थांबतो. त्याला काय ठाऊक ते कागद काय आहेत? मी एका कार्यालयात तेरा वर्षांची प्रात्यक्षिक प्लॉटची रजिस्टरे रद्दीत जाताना पाहिली आहेत, आणि ती विकायला सांगणारी माणसे शिकलेली होती.

१८८५ मध्ये उरलेला संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला फुकट देऊन टाकला. सुमारे ८२,००० नमुने, एका माणसाने दिलेला एवढा मोठा पक्षीसंग्रह तोवर म्युझियमने पाहिला नव्हता. घरट्यांच्या पुस्तकाची वाचलेली टिपणे त्यांनी ओट्स नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाच्या हवाली केली, त्याची सुधारलेली आवृत्ती १८८९-९० मध्ये तीन खंडांत आली. आज एखादा अभ्यासक माळढोक पूर्वी कुठे कुठे अंडी घालायचा हे शोधायला बसला की त्याला याच खंडांकडे यावे लागते. सारस पक्षी इटावा-मैनपुरीच्या भातखाचरांत घरटी करतात हे ह्यूम यांनी स्वतः पाहून लिहिले, आणि त्या भागात सारस आजही आहेत. आपल्याकडे सारस उरलेत ते गोंदिया-भंडाऱ्याच्या भातशेतीत, अगदी थोडे. माळढोकाची गत त्याहून वाईट. सोलापूर-नगर भागात १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले, तिथेही तो आता दिसला तर बातमी होते.

ह्यूम पुढे थिऑसॉफीकडे वळले, मांसाहार सोडला, बंदूक खाली ठेवली आणि आपल्यासाठी पक्षी मारणाऱ्यांनाही थांबायला सांगितले. १८८२ मध्ये नोकरी सुटली होती. १८८५ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्याला भरायचे होते, पण पुण्यात कॉलऱ्याची साथ आली आणि ते मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबरला भरले. ७२ प्रतिनिधी आले, त्यांत वकील पुष्कळ. नांगर धरणारा माणूस तिथे नव्हता हे ह्यूम यांनाही दिसत होते. म्हणून पुढे काँग्रेसने खेड्यांसाठी साध्या भाषेत पत्रके काढली. त्यांतले एक म्हणजे एका मौलवीची आणि कंबख्तपूर गावच्या रामबक्ष मुकादमाची बातचीत. सारा, कोर्ट, साहेब, सगळ्यावर त्यात मुकादमाच्या तोंडी विचार होते. सरकार भडकले. शेतकऱ्यांना भडकावणारा म्हणून ह्यूम यांच्याकडे बोट दाखवले गेले. नेत्यांनीही त्यांना जरा हळू घ्या म्हणून सुचवले. १८९४ मध्ये ते इंग्लंडला परतले. तिथे वनस्पती गोळा करीत बसले, १९१० मध्ये दक्षिण लंडनमध्ये वनस्पतींची संस्था काढली आणि ३१ जुलै १९१२ रोजी वारले.

ह्यूम यांना पाखरे सोडून दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १८९२ मध्ये, इंग्लंडात कीर्टन नावाच्या दोघा भावांनी अंड्यांसह घरट्याचा फोटो घेतला. यॉर्कशायरच्या शेतकरी घरातली पोरे. पुढे त्यांनी बैलाचे कातडे पोकळ करून आत कॅमेरा घेऊन उभे राहण्याची युक्ती काढली, कारण शेतातली पाखरे माणसाला बुजतात, गुराला नाही. आपल्या शेतकऱ्याला याचे नवल वाटणार नाही. बगळा म्हशीच्या पायात फिरतो आणि माणूस दिसला की उडतो, हे रोजचेच. अंडे न उचलता पुरावा ठेवता येतो, ही सोय ह्यूम यांच्या उमेदीच्या वर्षांत नव्हती. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून घरट्याचे फोटो घेणाऱ्या मुलांना एवढे सांगावे. अंड्यांजवळ बसू नका. बांधावरून किंवा बैलगाडीच्या, ट्रॅक्टरच्या आडून घ्या, पक्षी उठू लागला तर मागे सरा. आडवे येणारे गवत उपटू नका, तीच त्याची सावली. दुपारी बाराच्या उन्हात पक्ष्याला अंड्यांवरून उठवले तर अंडी भाजतात, टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते ती त्यासाठीच. कावळा, कुत्रे मागावर असेल तर घरट्याकडे जाऊच नका. आणि जागा सगळ्या गावाला कळवू नका. शेतकऱ्याने तुकडा सोडायचा तर फार दिवसांचा प्रश्न नसतो. टिटवीची अंडी चार आठवड्यांत उबतात आणि पिल्ले लगेच चालू लागतात. चंडोलाचे सारे साडेतीन आठवड्यांत आटोपते. काढणीत किंवा रोटाव्हेटर चालवताना चार-पाच हात जागा सोडली तर एकरात किती जाते, याचा हिशेब शेतकऱ्याला मी सांगायला नको. ही पाखरे भुंगेरे, मुंग्या, अळ्या टिपतात हेही त्याला ठाऊक आहे. टिटवीची अंडी उंचावर असली तर पाऊस जास्त, हा समज कोणी मानतो कोणी मानत नाही, पण त्यापायी का होईना खळग्याकडे लक्ष जाते.

यंदा त्याच गावात, त्याच रानात, पुन्हा टिटवी बसली. शेतकऱ्याने चार बाजूंना तुरीच्या काड्या रोवल्या. पोराने या वेळी फोटो बांधावरून काढला, त्यात टिटवी ठिपक्याएवढी दिसते. त्याने वहीत लिहून ठेवले आहे. नांगरट, काळी जमीन, अंडी चार, तारीख १२ मे. ९ जूनला तीन पिल्ले, एक अंडे उबले नाही.